परागकणांची ॲलर्जी: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नवरात्र आलं की शिंका सुरू होतात. ही सर्दी की ॲलर्जी?

दरवर्षी त्याच सुमारास होत असेल तर ॲलर्जीचा संशय आधी घ्यावा. विषाणूची सर्दी ठरलेल्या तिथीला येत नाही. ती आली की अंग मोडून येतं, घसा धरतो, कधी कणकण असते आणि ७ ते १० दिवसांत सगळं आटोपतं. ॲलर्जीत ताप येत नाही. नाकातून पाण्यासारखं पातळ वाहतं, एका दमात आठ-दहा शिंका येतात आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे खाज. नाकात, टाळूला, कानाच्या आत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत खाज सुटत असेल तर साध्या सर्दीची शक्यता बरीच कमी होते. लहान मुलं खाज सुटते हे सांगत नाहीत, तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलत राहतात. असं महिनोन्महिने झालं की नाकाच्या खालच्या भागावर एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसरपणा, तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं हेही त्यातलंच.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचं किंवा रक्त मिसळलेलं येत असेल तर ही ॲलर्जी नव्हे, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. लहान मूल असेल तर बहुतेक वेळा आत शेंगदाणा, चिंचोका नाहीतर मणी अडकलेला निघतो.

शरीरात नेमकं काय होतं?

परागकण निरुपद्रवी असतो, पण काहींचं शरीर त्याला शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं नाकातल्या आणि डोळ्यांतल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की काही मिनिटांत या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि शिंका, पाणी, खाज सुरू होते.

गोष्ट इथे संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात नाकाचं अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. सकाळी शिवारात गेलेल्या माणसाचं नाक संध्याकाळी बंद का होतं, याचं उत्तर इथे आहे. गोळी मुख्यतः पहिल्या लाटेवर चालते, स्टिरॉइडचा नाकातला फवारा दुसऱ्या लाटेवरही. मोसम जसा पुढे सरकतो तसं अस्तर अधिक चिडखोर होत जातं आणि सुरुवातीला ज्या कणांनी काहीच झालं नव्हतं, त्याच्या थोड्या अंशानेही पुढे त्रास होतो. म्हणून औषध उशिरा सुरू केलं की ते पुरत नाही.

आपल्या भागात कोणत्या महिन्यात काय उडतं?

बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, लोंढा हा भरपूर पावसाचा, जंगलाचा आणि काजूचा पट्टा. मध्ये बेळगाव, कडोली, उचगाव, यळ्ळूर ही भाताची गावं. उत्तर-पूर्वेला अथणी-कागवाडकडे कमी पावसाचं रान, तिथे जोंधळा, मका आणि पाणी असेल तिथे ऊस. त्यामुळे पुढचं वेळापत्रक ढोबळ समजा, तुमच्या गावाला ते पंधरा दिवस मागेपुढे होईल.

जून ते ऑगस्ट सततच्या पावसाने हवा धुतली जाते, पराग कमी. या काळात त्रास होत असेल तर बुरशी आणि घरातल्या धूळकिड्यांकडे (गाद्या-उशांतल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे) बघा.

ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत मुख्य मोसम. बांधावरची आणि माळावरची गवतं तुऱ्यावर येतात, हरळी फुलते, काटेमाठ आणि गोखरू कंपाउंडच्या कडेने माजतात, काँग्रेस गवत पांढऱ्या फुलांनी भरतं. पाऊस उघडून कडक ऊन पडलं की हे सगळं एकदम हवेत येतं. मक्याला याच सुमारास तुरे येतात, पण मक्याचा कण मोठा आणि जड असतो, शेताच्या बांधापलीकडे तो फारसा जात नाही. मक्यात काम करणाऱ्याला त्रास आणि शेजारच्या गल्लीतल्याला काही नाही, असं त्यामुळे होतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची सुगी. मळणीच्या धुळीत पराग थोडा आणि कूस, माती, बुरशीचे बीजाणू जास्त. पूर्वेकडे शाळू फुलतो. उसाला तुरा येतो, पण तुऱ्यातून उडणारं पांढरं मऊ फुलोर म्हणजे बियांचे तंतू, पराग नव्हेत. ऊसपट्ट्यात त्रास वाढतो तो बऱ्याचदा पाचट पेटवल्याच्या धुराने.

जानेवारी ते मार्च झाडांचा मोसम. वावळ पानं गाळून फुलतो आणि त्याचे कण हलके असतात, दूरवर जातात. सुरूचं झाड, विलायती बाभूळ आणि बारमाही एरंड हे बाकीचे. एप्रिल-मे मध्ये पराग उतरतो, रस्त्याची धूळ वाढते आणि वळीव येतो.

रोजचा पाऊस पेपरात येतो तसा परागकणांचा मोजलेला आकडा आपल्याकडे मिळत नाही. मोबाईलवरची ॲप जो आकडा दाखवतात तो बहुतेक वेळा गणिती अंदाज असतो. त्यावर औषध ठरवू नका.

सगळ्याचं मूळ काँग्रेस गवतच ना?

बऱ्याच जणांसाठी तो मोठा वाटेकरी आहे, पण सगळा दोष त्याच्या माथी मारण्यात धोका हा की हरळीची किंवा धूळकिड्यांची ॲलर्जी असलेला माणूस परडं साफ करून निश्चिंत होतो आणि शिंका तशाच राहतात.

हे गवत पाऊस पडला की उगवतं आणि महिना-दीड महिन्यात फुलतं. ओल असेल तर वर्षभर पिढ्या चालू राहतात. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात. परागाने नाक-डोळ्यांना त्रास होतो तो एक प्रकार. दुसरा प्रकार कातडीचा: पानांवरच्या आणि देठांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत खाजरं पुरळ उठतं, कातडी जाड आणि काळी पडते. उघड्यावर काम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत हे जास्त दिसतं. या दोन्हींचं निदान वेगळं. नाकासाठी सुईची प्रिक चाचणी, कातडीसाठी पाठीवर पट्टी लावून दोन दिवसांनी उघडायची पॅच चाचणी. एक निगेटिव्ह आली म्हणून दुसरा प्रकार नाही असं म्हणता येत नाही.

दारातल्या गुलमोहराने, आंब्याच्या मोहराने होतं का?

क्वचित. भडक रंगाची, वासाची फुलं कीटकांना बोलावण्यासाठी असतात. त्यांचा पराग चिकट आणि जड असतो, वाऱ्यावर स्वार होत नाही. गुलमोहर, बोगनवेल, जास्वंद यांना उगाच कुऱ्हाड लावली जाते. आंबा आणि काजूच्या मोहराजवळ उभं राहून त्रास होणारे लोक आहेत, पण तिथे उग्र वास, त्याच वेळी फुललेला वावळ आणि मोहरावर मारलेली कीटकनाशकं हेही तपासायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये काटेसावरीचा कापूस उडतो तो डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्याला धरतात. त्रास देणारा कण तर डोळ्यांना दिसतच नाही. बहुतेक परागकण १५ ते ४० मायक्रॉनचे असतात.

मग माझा गुन्हेगार कसा ओळखायचा?

कॅलेंडरवर लिहून. घरी जे दिनदर्शिकेचं पान भिंतीवर असतं त्याच्या चौकटीत रोज रात्री चार आकडे टाका: शिंका, पाणी, नाक चोंदणं, डोळ्यांची खाज. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बाजूला एक-दोन शब्द: मळणी, पाऊस, परगाव, गादी झटकली, औषध घेतलं. निदान एक पूर्ण मोसम हे करा.

वाचायचं कसं? घराबाहेर, उन्हात आणि वाऱ्यात वाढतं, पावसाच्या झडीत कमी होतं: पराग. अंथरुणात शिरल्यावर किंवा पहाटे वाढतं, बारा महिने थोडंफार असतंच: धूळकिडे. गळक्या भिंतीच्या खोलीत, जुन्या धान्याच्या कोठीत वाढतं: बुरशी. चोर्ला घाट उतरून गोव्याला चार दिवस गेलं की नाक मोकळं होत असेल तर आपल्या पठारावरच्या परागाकडे बोट जातं. उलट तिथल्या दमट हॉटेलात त्रास वाढत असेल तर धूळकिड्यांकडे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेल्यावर लगेच ठसका आणि शिंका येत असतील तर ती बहुधा धुळीची चुरचुर आहे. तिथे आयजीईचा संबंध असेलच असं नाही आणि ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग बेताचाच होतो.

हे कागद डॉक्टरांपुढे ठेवले की अर्धं निदान झालेलं असतं.

टेस्ट करावी का? कोणती?

औषधाने नीट आराम पडत असेल तर टेस्टची घाई नाही. आराम पडत नसेल, दम्याची शंका असेल किंवा ॲलर्जीची लस घ्यायचा विचार असेल तर करावी.

प्रिक चाचणीत हाताच्या आतल्या बाजूवर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने हलकं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. नुसत्या द्रावणाच्या गांधीपेक्षा ३ मिलिमीटर मोठी आली तर पॉझिटिव्ह. चाचणीआधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या ५ ते ७ दिवस बंद लागतात. सर्दीच्या मिश्र गोळीतही असंच औषध असतं हे लोक विसरतात आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. नाकातला फवारा बंद करायची गरज नाही. झोपेसाठी किंवा मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू असतील, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून काही थांबवू नका.

यादीत काय काय आहे ते विचारून घ्या. आपल्या भागासाठी काँग्रेस गवत, हरळी, जोंधळा, मका, काटेमाठ, एरंड, सुरू, वावळ, विलायती बाभूळ, धूळकिडे, झुरळ आणि दोन-तीन बुरशी एवढं असलं तरी पुष्कळ.

पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या कणाला ओळखतं एवढंच. जोंधळ्याला पॉझिटिव्ह, पण शाळू फुलताना तुम्ही ठणठणीत असाल तर तो निकाल बाजूला ठेवायचा. रक्तातलं एकूण आयजीई हा आकडा पोटातल्या जंतांनीही वाढतो, त्यावर काही ठरत नाही. आणि शंभर-दीडशे पदार्थांच्या आयजीजी (ही आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं) चाचण्या विकल्या जातात, त्यांच्या रिपोर्टवरून दूध, गहू, शेंगदाणे बंद करू नका. ते पैसे वाया जातात.

गोळी कोणती घ्यावी?

सेटिरिझिन १० मिलिग्रॅम किंवा लिव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला दिवसातून एकदा, रात्री. जनऔषधी केंद्रात सेटिरिझिन अगदी स्वस्त मिळतं. काहींना याने झोप येते. गाडी चालवणारे, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर असणारे, यंत्रावर काम करणारे यांनी फेक्सोफेनाडिन (१२० किंवा १८० मिलिग्रॅम) किंवा बिलास्टिन (२० मिलिग्रॅम) विचारावं. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्या, संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर ते शरीरात कमी शोषलं जातं. बिलास्टिन जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ तासांनी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मेडिकलमध्ये ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन, फिनायलेफ्रिन आणि पॅरासिटामॉलची मिश्र गोळी हातात पडते. ती ॲलर्जीसाठी महिनाभर घ्यायची गोष्ट नाही. झोप येते, तोंड कोरडं पडतं, रक्तदाब वाढू शकतो, प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते.

मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळीही सर्रास लिहिली जाते. दमा असेल तर तिचा विचार होतो, नुसत्या नाकासाठी ती पहिली निवड नाही. तिने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा येतो. मूल एकाएकी बदलल्यासारखं वाटलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा.

नाकातला फवारा दोन दिवस मारला, काही फरक नाही. औषध बोगस आहे का?

नाही, वेळ कमी दिलात. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांचा पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे रोज मारावा लागतो. नाक वाहील तेव्हाच मारायचा अशी ही चीज नाही. मध्यम ते तीव्र त्रासासाठी हेच सगळ्यात चांगलं औषध आहे आणि दरवर्षी नवरात्रात सुरू होणाऱ्याने ते गणपतीच्या सुमारास, म्हणजे मोसमाच्या दोनेक आठवडे आधी सुरू करावं. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्म्या लोकांचं औषधपाणी सोपं होईल असं आमचं मत आहे.

दुसरं कारण म्हणजे मारण्याची पद्धत. आधी नाक शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. नवी बाटली असेल तर बारीक तुषार येईपर्यंत पाच-सहा वेळा हवेत दाबा. मान किंचित पुढे झुकवा, आढ्याकडे बघत मारू नका. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळवा. दाबताना सावकाश श्वास घ्या, जोरात सुरकू नका. औषध घशात कडू लागलं तर समजा ते नाकात न थांबता खाली उतरलं. मोठ्यांना सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत २ फवारे दिवसातून एकदा, आराम पडल्यावर १. दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना साधारण १, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

मधल्या पडद्यावर सतत मारल्याने खपली धरते आणि रक्त येतं. तसं झालं तर दोन-तीन दिवस थांबा, दिशा सुधारा आणि पुन्हा सुरू करा. वारंवार येत असेल तर दाखवा.

बाटलीवर मात्रांचा आकडा छापलेला असतो. १२० असेल तर रोज ४ फवाऱ्यांच्या हिशोबाने ती ३० दिवसांची. त्यानंतर आत पाणी हललं तरी मात्रा भरवशाची राहत नाही.

‘स्टिरॉइड’ म्हटलं की घरातली मोठी माणसं घाबरतात. या फवाऱ्यातलं औषध नाकातच काम करतं, रक्तात जाणारा अंश फार कमी. मुलांना महिनोन्महिने द्यावं लागलं तर उंची मोजत राहायची, एवढी काळजी पुरे.

नाक पटकन मोकळं करणारे थेंब रोज घातले तर?

नाकाला त्यांची सवय लागते. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब रक्तवाहिन्या आकसून काही मिनिटांत नाक उघडतात. ३ ते ५ दिवसांच्या पुढे गेलं की थेंबांचा जोर ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं उशाला बाटली ठेवून झोपणारे लोक आहेत. सोडवायचं तर स्टिरॉइडचा फवारा सुरू करून आधी एका नाकपुडीचे थेंब बंद करा, आठवडाभराने दुसरीचे. पहिले काही दिवस वाईट जातात.

मोसमाला एकच इंजेक्शन घेतलं की वर्ष निघतं म्हणतात.

ते लांब टिकणारं स्टिरॉइड असतं. आराम पडतो हे खरं, म्हणूनच ते गावोगावी चालतं. पण ते आठवडेच्या आठवडे अंगात राहतं, काही बिघडलं तर काढून घेता येत नाही. मधुमेहींची साखर भडकते, रक्तदाब चढतो, दरवर्षी घेत गेलं तर हाडं ठिसूळ होतात, टोचल्या जागी खड्डा पडतो. फवारा असताना हे घेऊ नका.

मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर चालतं का? प्रमाण काय?

चालतं, आणि स्वस्तात चांगला उपाय आहे. पाऊण-एक लिटर पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान १ मिनिट उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या. उकळलेल्या १ लिटरला ९ ग्रॅम मीठ हे शरीराशी जुळणारं प्रमाण. वजनकाटा नसेल तर पाव लिटरला चहाचा सपाट अर्धा चमचा, त्याहून जरा कमीच. चुरचुरत असेल तर चिमूटभर खायचा सोडा. सिंकवर वाकून, तोंडाने श्वास घेत, नेतीपात्राने किंवा २० मिलीच्या सिरिंजने (सुई काढून) एका नाकपुडीत सोडा, दुसरीतून बाहेर येईल. नंतर हलकेच शिंकरा. फवारा मारायचा असेल तर धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी.

नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी न उकळता नाकात घालू नका. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीवावर बेततं. पात्र रोज उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका.

पाण्यासारखं वाहत असताना याचा उपयोग जास्त. नाक पूर्ण ठप्प असेल तर पाणी जोराने ढकलू नका, कानात जाऊन दुखेल.

डोळ्यांची खाज थांबत नाही.

चोळू नका, थंड पाण्याची घडी ठेवा. ओलोपाटाडिन ०.१ टक्क्याचे थेंब दिवसातून दोनदा चांगले चालतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून थेंब घाला, दहा-पंधरा मिनिटांनी लावा, शक्यतो मोसमात चष्माच बरा. मेडिकलमधून स्टिरॉइडचे डोळ्यांचे थेंब आणून घालत राहणं मात्र धोक्याचं: डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो आणि खाज गेली म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डोळे दुखत असतील, उजेड सहन होत नसेल, नजर अंधुक झाली असेल तर त्याच दिवशी दाखवा.

घरात आणि गाडीवर काय काळजी घ्यायची?

मोसमात सकाळी उन्हं चढेपर्यंत आणि वारा असताना वाऱ्याकडच्या खिडक्या बंद. पावसाची सर येऊन गेल्यावर उघडा. कोरड्या केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. अंथरुणाच्या चादरी मोसमात गच्चीवर न वाळवता आत किंवा गॅलरीत वाळवा. बाहेरून आल्यावर कपडे बदला आणि झोपण्याआधी डोक्यावरून आंघोळ करा. केसांतला पराग उशीवर उतरतो आणि रात्रभर नाकात जातो. घरात कुत्रं-मांजर गवतात लोळून येत असेल तर तेही अंथरुणावर घेऊ नका.

दुचाकीवर काच खाली ओढलेलं हेल्मेट आणि साधा सर्जिकल मास्क पुरतो, परागकण मोठा असतो. ओढणीच्या दोन घड्याही काही नसण्यापेक्षा बऱ्या, पण कडेने फटी राहतात. बारीक धूळ आणि धुरासाठी मात्र नाकाशी घट्ट बसणारा एन-९५.

धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, फटाके यांत पराग नसतो, पण चिडलेल्या नाकाला त्यांचा धूर चालत नाही. दिवाळीत दुप्पट त्रास होण्याचं हे एक कारण.

मळणी, भांगलण, काँग्रेस गवत उपटणं: शेती तर सोडता येत नाही.

मळणी यंत्राजवळ वारा पाठीवर घेऊन उभं राहा, म्हणजे भुसा तुमच्यापासून दूर जाईल. एन-९५, डोळ्यांना बाजूने बंद गॉगल, पूर्ण बाह्या. झोप न आणणारी गोळी सकाळी कामाआधी तासभर घ्या, संध्याकाळी शिंका सुरू झाल्यावर नको. काम झाल्यावर नाक धुवा.

ओलसर पिंजर रचली की आतून बुरसते. ती उपसल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला आणि धाप लागत असेल तर तो फुप्फुसाचा वेगळा आजार असू शकतो. ॲलर्जीची गोळी खात बसू नका, छातीच्या डॉक्टरांकडे जा.

काँग्रेस गवत फुलण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, मुळासकट उपटा. रबरी हातमोजे घाला, ज्याला आधीच पुरळ उठतं त्याने हे काम दुसऱ्याला द्यावं. फुलण्याआधीचं उपटलेलं खड्ड्यात कुजवलं की खत होतं. फुललेलं असेल तर उपटून पसरू नका, बिया पडतात. जाळू नका. पडीक जागेत, रस्त्याकडेला १५ ते २० टक्के मिठाचं पाणी (१० लिटरला दीड ते दोन किलो) पानांवर फवारतात, पिकाच्या जमिनीत हे अजिबात नको. पानांवर पिवळट-पांढरा, तपकिरी नक्षीचा छोटा भुंगेरा दिसला तर त्याला मारू नका. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा हा भुंगेरा १९८४ मध्ये बेंगळुरूजवळ मुद्दाम सोडला गेला आणि तो हेच गवत खातो.

मुलाची एसएसएलसी (दहावीची) परीक्षा मार्चमध्ये आहे आणि नेमका तेव्हाच त्रास.

वावळ आणि बाकी झाडांचा मोसम परीक्षेशी जुळतो. झोप आणणारी जुनी गोळी देऊन पेपरला बसवू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फवारा सुरू करा. गोळी लागलीच तर फेक्सोफेनाडिनसारखी, आणि ती परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, आधी एखाद्या रविवारी देऊन बघा. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनायलेफ्रिनची सर्दीची पातळ औषधं देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापण्याची सूचना केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिली आहे.

गरोदरपणात काय चालतं?

मीठपाणी बिनधास्त. डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्युडेसोनाइडचा फवारा, सेटिरिझिन किंवा लोराटाडिन. नाक मोकळं करणाऱ्या पोटातल्या गोळ्या टाळा, विशेषतः पहिले तीन महिने. दमा असेल तर इनहेलर बंद करू नका, बाळाला आईच्या दम्याचा धोका औषधापेक्षा जास्त. गरोदरपणात ज्यांचं नाक फक्त चोंदतं आणि शिंका-खाज नाही, त्यांना ॲलर्जी नसण्याचीही शक्यता आहे. बाळंतपणानंतर ते आपोआप सुटतं.

ॲलर्जीची लस घेऊन कायमचं बरं होतं का?

‘कायमचं’ हा शब्द कुणी वापरला तर सावध व्हा. नेमका अर्क निवडला आणि ३ ते ५ वर्षं नेटाने घेतली तर त्रास आणि औषधं बरीच कमी होतात, आणि बंद केल्यावरही काही वर्षं फायदा टिकू शकतो. दंडात सुरुवातीला दर आठवड्याला, पुढे महिन्याला इंजेक्शन, किंवा जिभेखाली रोज थेंब. इंजेक्शननंतर ३० मिनिटं दवाखान्यातच थांबायचं, तिथे ॲड्रिनॅलिन (जिवावरच्या ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी हवं. अंगभर गांधी, घसा आवळणं, चक्कर हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो. आटोक्यात नसलेला दमा असेल तर लस नको. एका बाटलीत दहा-बारा अर्क मिसळून देत असतील तर प्रत्येकाची मात्रा अपुरी पडते, तिथे प्रश्न विचारा.

विजा-गडगडाट झाला की दम लागतो. संबंध आहे?

आहे. अख्खा परागकण नाकातच अडकतो. वादळी पावसात तो ओल शोषून फुटतो, आतले बारीक तुकडे वाऱ्याच्या झोताबरोबर जमिनीलगत पसरतात आणि थेट फुप्फुसात जातात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये अशा एका संध्याकाळी हजारो लोक दवाखान्यांत धावले आणि १० जण दगावले. त्यांतल्या कित्येकांना आधी फक्त नाकाची ॲलर्जी होती. आपल्याकडे गवतं फुललेली असताना परतीचा पाऊस गडगडत येतो, तेव्हा जपा. आभाळ भरून वारा सुटला की घरात या, खिडक्या लावा, सर थांबेपर्यंत बाहेर पडू नका. दम्याची माणसं इनहेलर खिशात ठेवोत.

दम लागला तर बसवा, आडवं करू नका. साल्ब्युटामॉलचा इनहेलर स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून ४ पफ, एकेक करून, प्रत्येकी चार श्वास. चार मिनिटांनी आराम नसेल तर पुन्हा ४. एक वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

नाकाची ॲलर्जी असताना रात्रीचा खोकला, धावल्यावर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर शांत वेळी फुप्फुसाची तपासणी करून घ्या. दोन्ही आजार बऱ्याचदा जोडीने असतात.

वाफ, मध, हळदीचं दूध?

हळदीच्या दुधाने घशाला बरं वाटतं, ॲलर्जी जात नाही. मधातला पराग बहुतांशी मधमाश्यांच्या फुलांचा असतो, तुम्हाला त्रास देणारा वाऱ्याचा पराग त्यात नगण्य. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नका. वाफेने थोडा वेळ मोकळं वाटतं, पण पातेलं कलंडून भाजलेली मुलं दरवर्षी दवाखान्यात येतात. मुलांना वाफ देण्यापेक्षा मीठपाण्याचे थेंब. कापूर किंवा बाम दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळही नेऊ नका.

मोसम संपला. औषध कधी थांबवायचं?

कॅलेंडरवरचे गुण सलग दोन आठवडे शून्य-एक राहिले की फवारा कमी करा, मग बंद. गोळी त्याआधीच गरजेपुरती करा. ज्यांना नोव्हेंबरपर्यंत गवत आणि लगेच फेब्रुवारीत झाडं, असे दोन मोसम लागतात, त्यांनी मधल्या महिन्यात पूर्ण थांबायचं की एका फवाऱ्यावर चालू ठेवायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. उरलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा. पुढच्या गणपतीला ती मुदतीत असली तरी किती फवारे शिल्लक आहेत ते मोजूनच वापरा, नाहीतर नवी घ्या.